राजाश्रयाची किंमत

करमणुकीचा धंदा हा सर्व धंद्यांत निरुपद्रवी, त्याचा राजकारणाशी संबंध तो काय, अशी एक समजूत आपल्याकडे चांगल्या शिकलेल्या मंडळींतही रूढ आहे. मुलांना हसवणारा उंदीर आणि राज्य चालवणारा मुख्याधिकारी यांची गाठ पडण्याचे कारणच नाही, असे कोणासही वाटेल. परंतु अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीच्या २०२२ पासूनच्या इतिहासाने ही समजूत पार धुळीस मिळवली आहे. एका प्रांताचा गव्हर्नर, अमेरिकेचे अध्यक्ष, कंपनीचे स्वतःचे नोकर, तिचे भागधारक आणि तिचे प्रेक्षक अशा पाच बाजूंनी या बलाढ्य कंपनीवर दाब आला, आणि प्रत्येक वेळी तिने काय केले व काय करावयाचे टाळले, यात आजच्या लोकशाहीचा एक मोठाच धडा सामावलेला आहे.

सातासमुद्रापलीकडच्या कंपनीची ही कथा मराठी दैनिकाच्या पहिल्या पानावर कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे उत्तर त्यांच्याच दिवाणखान्यात आहे. सायंकाळी ज्या वाहिनीसमोर लक्षावधी मराठी कुटुंबे बसतात, त्या ‘स्टार प्रवाह’च्या मालकीत २०१९ पासून या कंपनीचा वाटा आहे. तेव्हा हे परक्यांचे भांडण म्हणून सोडून देण्याजोगे नाही.

मूळ कथा अशी. वॉल्ट आणि रॉय या डिस्नेबंधूंनी १९२३ साली लॉस एंजल्समध्ये हा कारखाना काढला. १९५५ साली कॅलिफोर्नियात त्यांची पहिली क्रीडानगरी उभी राहिली; आणि मग फ्लॉरिडा प्रांतात त्याहून कितीतरी मोठी नगरी उभारण्याच्या हेतूने त्यांनी दलदलीची विस्तीर्ण जमीन खरेदी केली. वॉल्ट डिस्ने १९६६ च्या डिसेंबरात निवर्तले. पुढच्याच वर्षी फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने ‘रीडी क्रीक’ नावाचा एक खास विभाग कायद्याने निर्माण केला. सुमारे २५ हजार एकरांच्या या विभागात रस्ते, गटारे, अग्निशमन, इमारतींचे परवाने, सारे काही विभागाच्या मंडळाच्या हाती. कर्जरोखे काढण्याचा अधिकारही त्याच्याच हाती. विमानतळ, इतकेच काय, अणुशक्तीचे वीजकेंद्र बांधण्याचीसुद्धा त्यास मुभा! आणि हे मंडळ निवडणार कोण? तर जमिनीचे मालक. बहुतेक जमीन डिस्नेची. म्हणजे खाजगी कंपनीच्या हाती तिची स्वतःची नगरपालिकाच आली म्हणावयाचे. आपल्याकडच्या भाषेत सांगावयाचे तर हे इनाम होते. प्रांताला लक्षावधी प्रवासी मिळाले, रोजगार मिळाला, करही मिळाला. म्हणून पंचावन्न वर्षे या इनामाबद्दल फारशी तक्रार कोणी केली नाही.

ती झाली २०२२ साली, आणि तिचे निमित्त नगरपालिकेच्या कारभाराचे नव्हतेच. बालवर्गापासून तिसऱ्या इयत्तेपर्यंतच्या वर्गांत लैंगिक कल व लिंगभाव या विषयांवर शिकवण्यास बंदी घालणारा कायदा फ्लॉरिडात आला. कंपनीचे तत्कालीन प्रमुख बॉब चापेक प्रथम गप्प राहिले. मौनाने सर्व अर्थ साधतात हे वचन त्यांनी प्रमाण मानले असावे. परंतु त्यांचेच नोकर संतापले, काहींनी कामावरून उठून निषेध केला, आणि मग चापेकांनी कायद्यास विरोध जाहीर केला. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी मार्चच्या २८ तारखेस कायद्यावर सही केली, आणि एप्रिलमध्ये विधिमंडळाने रीडी क्रीक विभागच बरखास्त करण्याचा कायदा संमत केला. घाई एवढी, की विभागावरील सुमारे १०० कोटी डॉलरांचे कर्ज आता कोणी फेडावयाचे, शेजारच्या करदात्यांनी की काय, याचाही विचार झालेला नव्हता! म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत दुसरा कायदा करावा लागला: विभाग ठेवावयाचा, नाव बदलावयाचे आणि मंडळाचे पाचही सभासद गव्हर्नरने नेमावयाचे.

कंपनीही काही भोळी नव्हती. जुन्या मंडळाने जाता जाता कंपनीशी असा करार करून ठेवला होता, की नव्या मंडळाच्या हाती फारसे काही उरूच नये. त्या करारातील एका कलमाची मुदत इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांच्या हयात वंशजांपैकी शेवटच्याच्या मृत्यूनंतर २१ वर्षांपर्यंत होती, हे वाचून कायदेपंडितांसही हसू आवरले नसेल. विधिमंडळाने तो करार रद्द केला. कंपनी २०२३ च्या एप्रिलमध्ये संघीय न्यायालयात गेली, आणि मे महिन्यात तिने फ्लॉरिडातील सुमारे १०० कोटी डॉलरांचे कार्यालयीन संकुल व त्यासोबतच्या सुमारे दोन हजार नोकऱ्या रद्द करून टाकल्या. २०२४ च्या जानेवारीत न्यायाधीश ॲलन विन्सर यांनी तिचा दावा काढून टाकला. कायदा वरकरणी घटनेस धरून असेल, तर तो करणाऱ्यांच्या मनात काय होते या कारणावरून त्यास आव्हान देता येणार नाही, हा त्यांच्या निर्णयाचा एक आधार होता. मार्चमध्ये तडजोड झाली. जूनमध्ये नव्या मंडळाशी पंधरा वर्षांचा करार झाला, कंपनीने येत्या दहा-वीस वर्षांत १,७०० कोटी डॉलरांपर्यंत गुंतवणूक करण्याची तयारी दाखवली, आणि अपील मागे घेतले. वाजतगाजत निघालेली लढाई सौद्याने संपली.

या प्रकरणी न्याय कोणाच्या बाजूस होता? आमच्या मते प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. खाजगी कंपनीच्या हाती नगरपालिका देणे मुळातच गैर होते. फ्लॉरिडातील इतर क्रीडानगऱ्यांना जे मिळाले नाही ते एकीलाच का मिळावे, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. ती सवलत सरकारने १९९० साली काढून घेतली असती, २०१० साली काढली असती, आणि समानतेचे कारण दिले असते, तर आम्ही तिचे स्वागतच केले असते. परंतु सवलत चालू ठेवावयाची आणि कंपनीने तोंड उघडताच तीच काढून घ्यावयाची, हा न्याय नव्हे. ही शिक्षा आहे. आज कंपनीचे मत तुम्हास पटत नाही म्हणून या शिक्षेवर टाळ्या वाजवाल, तर उद्या तुम्हास पटणारे मत मांडणाऱ्यावर तोच आसूड उगारला जाईल, तेव्हा कोणत्या तोंडाने विरोध कराल?

ही लढाई चालू असताना कंपनीच्या घरातही स्वस्थता नव्हती. चित्रपटगृह आणि दूरचित्रवाणी यांवर शंभर वर्षे उभा असलेला तिचा धंदा आंतरजालावरून घरपोच चित्रपट देण्याकडे वळत होता. २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘डिस्ने प्लस’ला ग्राहक पुष्कळ मिळाले, पण पैसा मिळेना, २०२२ च्या एकाच तिमाहीत या शाखेत सुमारे दीडशे कोटी डॉलरांची खोट आली. त्या नोव्हेंबरात चापेक गेले आणि पूर्वीचे प्रमुख बॉब आयगर परत आले. २०२३ च्या फेब्रुवारीत सात हजार नोकऱ्यांवर कुऱ्हाड पडणार असल्याचे जाहीर झाले. मे महिन्यात हॉलिवुडच्या लेखकांनी संप पुकारला, जुलैत नटनटी त्यात उतरल्या. नेल्सन पेल्ट्झ या धनिक भागधारकाने संचालक मंडळात शिरण्यासाठी मोहीम उघडली. २०२४ च्या एप्रिलमधील मतदानात ती कंपनीने परतवली. घरपोच करमणुकीच्या शाखांनी मिळून नफ्याचे तोंड पाहिले ते त्या वर्षीच्या उन्हाळ्यात, आणि तोही अवघा पावणेपाच कोटी डॉलरांचा.

ज्याच्या तिजोरीत अशी ओढाताण असते, त्याचा कणा फार काळ ताठ राहात नाही. कंपनीच्याच ‘एबीसी’ वृत्तवाहिनीच्या निवेदकाच्या एका विधानावरून डॉनल्ड ट्रम्प यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला होता. ते अध्यक्षपदी पुन्हा निवडून आल्यानंतर, २०२४ च्या डिसेंबरात, कंपनीने त्यांच्या भावी स्मारकासाठी दीड कोटी डॉलर देऊन तो मिटवला. दाव्यात तथ्य किती होते याचा निवाडा पंचांसमोर व्हावयास हवा होता. तो झालाच नाही. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर ‘एबीसी’चे विनोदकार जिमी किमेल यांच्या टिप्पणीवर संघीय दळणवळण आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी जाहीर धमकीची भाषा वापरली. ‘नेक्स्टार’ या अनेक स्थानिक केंद्रांच्या मालक कंपनीने कार्यक्रम दाखवण्याचे नाकारले. तिचाच एक मोठा खरेदीव्यवहार त्या वेळी याच आयोगाच्या मंजुरीची वाट पाहात होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘सिंक्लेअर’नेही तोच मार्ग धरला. १७ सप्टेंबरला किमेल यांचा कार्यक्रम बेमुदत बंद झाला. मग मात्र जे घडले ते आशादायक होते. प्रेक्षकांनी वर्गणी बंद करण्याचा इशारा दिला, कलावंत पुढे सरसावले, ट्रम्प यांच्याच पक्षातील काही पुढाऱ्यांनी आयोगाच्या अध्यक्षांस खडसावले, आणि सहाव्या दिवशी विनोदकार आपल्या जागी परतला.

या सर्वांतून निघणारे अनुमान सामान्य समजुतीच्या उलट आहे. कंपनी जेवढी मोठी तेवढी ती सरकारसमोर ताठ उभी राहील, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मोठ्या झाडाला वारा अधिक लागतो. छोट्या गावातील छोटा छापखाना चालवणाऱ्या संपादकाला फार तर जाहिरात जाण्याचे भय. ज्या कंपनीला एका प्रांतात जमीन, दुसऱ्या देशात परवाना, तिसऱ्या ठिकाणी विलीनीकरणाची मंजुरी हवी असते, तिच्या अंगावर सरकारला पकडता येतील अशा शंभर शेंड्या असतात. दलाई लामांच्या चरित्रावरील ‘कुंदुन’ हा चित्रपट १९९७ साली या कंपनीनेच प्रकाशित केला. चीनचे राज्यकर्ते रुष्ट झाले, आणि पुढच्याच वर्षी कंपनीचे तत्कालीन प्रमुख मायकेल आयस्नर यांनी त्यांच्यापुढे दिलगिरी व्यक्त केली. २०१६ साली शांघाय येथे डिस्नेची क्रीडानगरी उघडली. बीजिंगमध्ये वाकण्याची सवय लागली म्हणजे वॉशिंग्टनमध्येही पाठ आपोआप वाकते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. २०१९ साली ‘फॉक्स’ कंपनीचा फार मोठा भाग विकत घेताना डिस्नेच्या हाती ‘स्टार’ वाहिन्याही आल्या. २०२२ च्या जूनमध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला. दूरचित्रवाणीचे हक्क डिस्ने-स्टारने २३,५७५ कोटी रुपयांस राखले, पण आंतरजालावरील हक्क २३,७५८ कोटींस रिलायन्सच्या ‘व्हायाकॉम १८’ने नेले. परिणाम व्हावयाचा तोच झाला: ‘हॉटस्टार’चे ग्राहक २०२२ च्या ऑक्टोबरात ६ कोटी १३ लाख होते, ते पुढच्या जुलैपर्यंत ४ कोटी ४ लाखांवर आले. शेवटी प्रतिस्पर्ध्यांनी हातमिळवणी केली. स्पर्धा आयोगाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये, काही फेरबदलांच्या अटीवर, मान्यता दिली. नोव्हेंबरात ७०,३५२ कोटी रुपये मूल्याची संयुक्त कंपनी जन्मास आली. तीत नियंत्रण रिलायन्सचे आणि डिस्नेचा वाटा ३६.८४ टक्के. ज्या दोघांनी क्रिकेटसाठी एकमेकांवर बोली चढवली, ते आज एका छपराखाली आहेत. आणि ‘स्टार प्रवाह’ व ‘कलर्स मराठी’ या मराठी घरातील दोन प्रतिस्पर्धी वाहिन्याही त्याच छपराखाली आल्या आहेत.

यात बेकायदा काही नाही. तथापि काळजी करण्याजोगे पुष्कळ आहे. मराठी लेखकाला एका वाहिनीने नाकारलेली मालिका दुसरीकडे नेता येत असे. आता दोन्ही दरवाजांआड मालक एकच. आणि ज्या घराण्याचे हितसंबंध तेलापासून दूरध्वनीपर्यंत सरकारी धोरणांशी निगडित, त्याच्या वाहिनीवर सरकारला न रुचणारा विनोद कोणी किती धीटपणे करील? अमेरिकेत किमेलना परत आणणारे प्रेक्षक होते, विरोधी स्वर काढणारे स्वपक्षीय होते, घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचा धाक होता. आपल्याकडे कार्यक्रम बंद पडत नाहीत, कारण ते मुळात लिहिलेच जात नाहीत! भीती एकदा लेखणीच्या टोकाशी येऊन बसली, म्हणजे सेन्सॉरची नोकरी अनावश्यक ठरते.

कंपन्यांनी धंदा करावा, राजकारणात नाक खुपसू नये, असे सांगणारे पुष्कळ आहेत. डिस्नेच्या नव्या चालकांनाही तेच पटलेले दिसते. आमची त्यास हरकत नाही. परंतु मग हा नियम दोन्ही बाजूंनी पाळला गेला पाहिजे. जी कंपनी राजकारणापासून अलिप्त राहू इच्छिते, तिने राज्यकर्त्यांकडे इनामे मागता कामा नये, आणि त्यांना देणग्याही देता कामा नये. एका हाताने सवलत घ्यावयाची व दुसऱ्या हाताने तटस्थतेचे सोवळे नेसावयाचे, हे ढोंग फार काळ टिकत नाही. फ्लॉरिडात ते पंचावन्न वर्षे टिकले. कोसळावयास दोन महिने पुरले.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सवलती द्यावयाच्या तर त्या सर्वांना सारख्या नियमाने द्याव्यात, आणि काढावयाच्या तर लोकहिताचे कारण लेखी देऊन काढाव्यात. वृत्त आणि करमणूक एका मालकाच्या हाती किती एकवटावी, याची मर्यादा संसदेने उघड चर्चा करून ठरवावी; स्पर्धा आयोगाने घातलेल्या अटी पाळल्या जातात की नाही, हे वर्षातून एकदा जनतेस सांगावे. आणि प्रेक्षकांनी आपण केवळ गिऱ्हाईक आहोत ही समजूत टाकून द्यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील सामान्य वर्गणीदाराने जे केले, त्यासाठी ना पद लागले ना सत्ता. लागली ती थोडी चीड आणि थोडी चिकाटी.

कलेला आश्रय हवा, हे आम्ही अमान्य करीत नाही. दरबाराच्या आश्रयाने वाढलेली कला दरबाराच्या लहरीने कोमेजते, हा इतिहास आपल्या संस्थानिकांच्या काळापासून आपणास ठाऊक आहे. लोकाश्रयाची भाकरी कोरडी असेल, पण ती खाताना मान खाली घालावी लागत नाही. ती भाकरी देण्याची तयारी मराठी प्रेक्षकाची आहे काय, हाच यापुढचा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या संचालक मंडळाने द्यावयाचे नसून आपण द्यावयाचे आहे.