भीती आणि सहा प्रश्न

'घाबरू नकोस, मनात आणलंस तर सगळं जमेल' असं सांगणाऱ्यांचा मला जरा वैतागच येतो. भीती अशी सांगून जाते होय? मला आनंदीबाई जोशींची तऱ्हा जास्त पटते. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, आणि डॉक्टर व्हायचं मनात बसलं. वयाच्या सतराव्या वर्षी एकटी अमेरिकेला निघाली म्हटल्यावर लोकांनी भंडावून सोडलं. मग फेब्रुवारी १८८३ मध्ये, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषणच केलं, तेही इंग्रजीतून! लोकांचे सहा प्रश्न स्वतःच मांडले. इथेच शिकता येणार नाही का, एकटीला धोका नाही का, परतल्यावर वाळीत टाकलं तर, तिकडे काही बरंवाईट झालं तर... आणि एकेकाला उत्तर दिलं. एप्रिलात बोटीत बसल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या.

यातली एक भीती खरीही ठरली. तब्येत ढासळली, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. 'म्हणजे जायलाच नको होतं' असं कुणी म्हणालं की मी वाद घालते. बरंवाईट होऊ शकतं हे त्यांनी निघण्याआधीच भर सभेत बोलून टाकलं होतं हो!