पोलिसांसाठी वर्गणी : पावती कोणाची, हुकूम कोणाचा?



गावोगाव एका नव्या वर्गणीची पावतीपुस्तके फिरू लागली आहेत. ही वर्गणी देवळाच्या जीर्णोद्धाराची नाही, सप्ताहाचीही नाही. ती आहे पोलिसांच्या कामासाठी. कुठे चौकात सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचे असतात, कुठे चौकीची खोली बांधून द्यायची असते, कुठे गस्तीला मोटारसायकल हवी असते. ट्रॅक्टरवाल्याने एवढे, बागाईतदाराने तेवढे, दुकानदाराने इतके, असे आकडे ठरतात. मोठा आकडा एखादा अडत्या, एखादा ठेकेदार किंवा एखादी पतसंस्था टाकते. फीत कापली जाते, फोटो छापून येतो आणि दात्याचे नाव पाटीवर रंगते. जिल्हा बैठकीला येणारे कार्यकर्ते आम्हाला विचारतात, ही वर्गणी द्यावी की देऊ नये?

आमचे उत्तर असे की, द्यावी की देऊ नये हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न पैसा कोणत्या वाटेने जातो हा आहे. ठराव कोणी केला, पावती कोणाच्या नावाची, हिशेब कोण तपासणार आणि त्या पैशातून घेतलेल्या वस्तूवर हुकूम कोणाचा चालणार? याची उत्तरे मिळाल्याशिवाय खिशात हात घालू नये.

गरज खोटी नाही

संरक्षण नको असे म्हणणारा शेतकरी शोधून सापडणार नाही. विहिरीवरची मोटार जाते, केबल जाते, रोहित्रातली तांब्याची तार जाते, गोठ्यातली जनावरे जातात. भाव चढला की कांदा आणि डाळिंबसुद्धा रातोरात गायब होते. शहरातल्या माणसाला मोटारीची चोरी म्हणजे मोटारीची किंमत गेली एवढेच दिसते. हरभऱ्याचे घाटे भरत असताना किंवा कांदा पोसत असताना पाण्याची एक पाळी चुकली तर काय होते, हे त्याला कोण सांगणार? मोटार नवी आणता येते, गेलेली पाळी आणता येत नाही. पीक विम्यात ही चोरी बसत नाही. म्हणजे चोराने नेले ते शेतकऱ्याच्याच बोडक्यावर.

पण या संरक्षणाचे पैसे आपण एकदा भरलेलेच आहेत. राज्यघटनेप्रमाणे पोलीस हा राज्याचा विषय आहे. डिझेलच्या प्रत्येक लिटरवर राज्य सरकार जो कर घेते, त्यात पोलिसांचा पगार आहे, गाडी आहे आणि गाडीतले तेलही आहे. गावासाठी सरकारने पोलीस पाटील नेमला आहे. वंशपरंपरेची पाटीलकी संपली आणि १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्याचे काम ठरवून दिले. त्याचे मानधन मार्च २०२४ मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजार करण्याचा निर्णय झाला. गाड्या घ्यायच्या तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून त्या घेतल्या जातात. हा सगळा पैसा अंदाजपत्रकातून येतो, त्याची तपासणी होते, त्यावर आमदार प्रश्न विचारू शकतो. वर्गणीच्या पैशाबद्दल प्रश्न कोण विचारणार?

बोरसदचा धडा

रयतेकडून पोलिसांचा खर्च वसूल करण्याची कल्पना जुनी आहे. १९२३ साली आपण ज्या मुंबई इलाख्यात होतो, त्याच इलाख्यातल्या खेडा जिल्ह्यातील बोरसद तालुक्यात बाबर देवा नावाच्या दरोडेखोराने धुमाकूळ घातला होता. सरकार म्हणाले, लोकच दरोडेखोरांना आसरा देतात. म्हणून जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च रयतेवर टाकला. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे दोन रुपये सात आणे! गुजरातेत हा कर 'हैडिया वेरा' म्हणून ओळखला जातो. दरोडेखोराने लुटले ते वेगळेच. तो सापडत नाही म्हणून सरकारनेही लुटायचे, असा हा न्याय होता.

वल्लभभाई पटेलांनी आधी चौकशी केली, मग लढा पुकारला. चौकशीत निघाले ते भयंकर होते. एका दरोडेखोराला पकडण्यासाठी पोलिसांनी दुसऱ्या दरोडेखोराशी संधान बांधून त्याच्या हाती हत्यारे दिली होती आणि तो त्याच हत्यारांनी गावे लुटत होता. म्हणजे रयतेने पैसे भरायचे ते कुंपणासाठी, आणि शेत खात होते तेच कुंपण. लोकांनी कर नाकारला. जप्त्या झाल्या, पण लोक हटले नाहीत. स्वयंसेवकांनी गावोगाव रात्रीचा पहारा सुरू केला. डिसेंबर १९२३ मध्ये सुरू झालेला हा लढा जानेवारी १९२४ मध्ये संपला, कारण सरकारने कर मागे घेतला.

बोरसदच्या शेतकऱ्यांनी पोलीस नकोत असे म्हटले नव्हते. पहारा त्यांनी स्वतःच केला. त्यांनी नाकारले ते हिशेब न देता, दोष लावून वसूल केलेले पैसे. आणि हा केवळ इतिहास नाही. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात शांततेला धोका असलेल्या भागात जादा पोलीस नेमून त्यांचा खर्च रहिवाशांवर बसवण्याची तरतूद आजही आहे. कोणी अर्ज केला तर त्याच्या खर्चाने जादा पोलीस देण्याचीही आहे. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्याला पहारा विकत मिळतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या विहिरीसाठी असा अर्ज कोण करणार?

सातासमुद्रापार काय घडले?

आमच्यातले काही शिकलेले मित्र म्हणतात, तुमचे सगळे संशयी विचार. अमेरिकेत बघा, लोकांच्या देणगीतून पोलिसांना केवढी मदत होते! ठीक आहे, अमेरिकेकडे पाहू.

तिकडे 'कम्युनिटी फाउंडेशन' नावाची संस्था शहरोशहरी असते. पहिली १९१४ साली क्लीव्हलँड शहरात निघाली. शहरातले लोक तिच्याकडे पैसे ठेवतात आणि ती ते शाळा, दवाखाने, वाचनालये, गरिबांची मदत अशा कामांना देते. कल्पना चांगली आहे. अशा पैशातून पोलिसांच्याही काही कामांना मदत होते, आणि तरुण मुलांना खेळात गुंतवणे किंवा अत्याचार झालेल्या बाईला आधार देणे यात वाईट काहीच नाही.

पण बाल्टिमोर शहरात २०१६ साली जे घडले ते नीट समजून घ्या. त्या वर्षाच्या जानेवारीपासून शहरावर एक छोटे विमान घिरट्या घालत होते. त्याला बसवलेले कॅमेरे शहराच्या मोठ्या भागाचे चित्रण सतत करत होते. कोण कुठून कुठे गेले हे नंतर मागे जाऊन पाहता येत होते. हे काम पोलिसांसाठी एक खासगी कंपनी करत होती. पैसे दिले होते दूर टेक्सासमधल्या एका धनाढ्य दांपत्याने, ३ लाख ६० हजार डॉलर. आणि ते पोलिसांपर्यंत पोचले बाल्टिमोरच्या कम्युनिटी फाउंडेशनमार्फत.

पैसा शहराच्या तिजोरीतला नसल्यामुळे खर्च मंजूर करणाऱ्या मंडळापुढे विषय गेला नाही. नगरसभेला पत्ता नव्हता. महापौरांनाही आधी सांगितलेले नव्हते. लोकांना कळले ते ऑगस्टमध्ये, एका साप्ताहिकाने बातमी फोडली तेव्हा! दात्याने कदाचित भल्या हेतूने दिले असतील. त्या शहरात खुनांचे प्रमाण खरोखरच मोठे होते. पण ज्यांच्या डोक्यावर विमान फिरत होते त्यांना कोणी विचारलेच नाही.

बोभाटा झाल्यावर विमान थांबले. २०२० मध्ये ते पुन्हा उडाले, या वेळी मंडळाच्या मंजुरीने, पण पैसे पुन्हा देणगीचेच. नागरिकांच्या एका संघटनेने कोर्टात धाव घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये शहराने करार रद्द केला आणि जूनमध्ये तिथल्या संघराज्याच्या अपील न्यायालयाने आठ विरुद्ध सात मतांनी सांगितले की, अशी सरसकट पाळत नागरिकांच्या घटनात्मक हक्कांवर आक्रमण करते.

आपल्या म्हणीत सांगायचे तर ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. बाल्टिमोरची गोष्ट त्याच्याही एक पाऊल पुढची आहे. देणगीची वाट एकदा पडली की लोकांनी निवडून दिलेली सभा आपोआप बाजूला पडते. कोणाला लाच द्यावी लागत नाही, कायदा मोडावा लागत नाही. फक्त पैसा आडवाटेने येतो.

कॅमेरा कोणाकडे तोंड करून?

शेतात कामगंध सापळा लावला तर त्यात ज्या किडीचा गंध ठेवला तीच कीड सापडते. सापळ्यात बाकी किडी दिसत नाहीत म्हणून शेतात त्या नाहीत असे कोणी समजत नाही. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. दात्याचे दुकान चौकात असेल तर कॅमेरा चौकात लागतो. शिवारातली विहीर त्याला दिसत नाही. चोरी होते शिवारात आणि चित्रण होते चौकातल्या पोरांचे. उद्या भावासाठी रास्ता रोको झाला तर त्याच चित्रणातून कोणाची नावे काढली जातील, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि एक कॅमेरा असा आहे की ज्यासाठी कोणी वर्गणी गोळा करत नाही. तो म्हणजे पोलीस ठाण्याच्या आतला. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की, देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, आवाज टिपणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी ठेवता आले पाहिजे. देखरेखीसाठी जिल्हा समिती सांगितली आणि ग्रामीण भागासाठी तिच्यात जिल्हा परिषदेच्या प्रमुखाला जागा दिली. आपल्या जिल्ह्यात ही समिती बसते का? ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का? गावावर कॅमेरा लावण्यासाठी हात पसरण्याआधी याचे उत्तर मिळाले पाहिजे.

वर्गणीने न मिळणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. द्राक्षाचा माल उचलून पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध २०२० साली नाशिक परिक्षेत्रात पोलिसांनी मोहीम घेतली आणि शेतकऱ्यांचे अडकलेले पैसे सुटू लागले. त्यासाठी कॅमेरा लागला नाही, नवी गाडी लागली नाही. तक्रार लिहून घेणारा आणि व्यापाऱ्याला बोलावून घेणारा अधिकारी लागला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्ह्याची खबर नोंदवणे हे ठाण्याचे काम आहे, तिची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि नोंद नाकारली तर लेखी तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. हा हक्क आहे, देणगीचा मोबदला नव्हे. ज्याने वर्गणी दिली त्याची तक्रार आधी आणि ज्याने दिली नाही त्याची नंतर, असे ज्या दिवशी होईल त्या दिवशी गावात पोलीस राहिले नाहीत, भाड्याचे राखणदार उरले असे समजावे.

मग करायचे काय?

गावाने हात झटकावेत असे आमचे म्हणणे नाही. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत समिती ग्रामसभेने नेमली. तिथे गाव आणि पोलीस एकत्र बसले आणि कित्येक बांधाचे तंटे कोर्टाबाहेर मिटले. ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका शेतकऱ्याने फोन केला की त्याचा आवाज गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर जातो. चोर शिवारात असतानाच गाव जागे होते. या दोन्हींत दोर गावाच्या हाती आहे. जिथे दोर गावाच्या हाती, तिथे पैसा आणि वेळ जरूर द्यावा.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवीत आहोत. प्रत्येक तालुक्याने त्यावर चर्चा करावी.

१. पोलिसांच्या कामासाठी कोणतीही वर्गणी ग्रामसभेच्या ठरावाशिवाय गोळा होऊ नये. पावती ग्रामपंचायतीची असावी आणि पैसा तिच्याच खात्यात जावा.

२. ज्याच्यावर गुन्हा किंवा शेतकऱ्यांचे पैसे बुडवल्याची तक्रार आहे, त्याची देणगी घेऊ नये. कोणत्याही दात्याचे नाव चौकीवर किंवा गाडीवर लागू नये.

३. इंधन, कागद, गाडीदुरुस्ती हा सरकारचा खर्च आहे. फिर्यादीकडून किंवा गावाकडून तो मागितला गेल्यास तारीखवार नोंद करून तालुका शाखेकडे द्यावी.

४. कॅमेरे लावायचे तर जागा ग्रामसभा ठरवील. चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार हे ठरावात लिहावे.

५. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांची स्थिती आणि पोलिसांना मिळालेल्या देणग्यांची यादी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली प्रत्येक तालुक्याने मागावी. अर्जाची फी दहा रुपये आहे. पुढच्या बैठकीला येताना अर्जाची पोच बरोबर आणावी.

वर्गणी मागायला येणाऱ्यांशी भांडू नका. त्यांना चहा द्या, बसवा आणि ठराव दाखवा म्हणा. ठराव असेल तर ऐपतीप्रमाणे द्या. नसेल तर ग्रामसभेची पुढची तारीख सांगा.