मराठी कोणाच्या देव्हाऱ्यातली?

आमच्याकडे एक समज फार घट्ट रुजलेला आहे. माणूस ख्रिस्ती झाला की तो आपल्यातून गेला. त्याचा देव गेला, चालीरीती गेल्या आणि भाषाही गेली! २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा हा समज पुन्हा उफाळून आला. मराठीच्या व्यासपीठावर पाद्री कशाला, असा सूर निघाला. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादेस संमेलन पार पडले. तो सूर मात्र अजून विरलेला नाही.

वाचकहो, हा सूर मूळचा आपला नाहीच. १६८४ साली गोव्यातल्या पोर्तुगीज सरकारने फर्मान काढले, की रयतेने तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. ख्रिस्ती आहात ना, मग देशी भाषा टाका! आमचे टीकाकार दुसऱ्या टोकाला उभे राहून हेच म्हणतात. कधीच्या मेलेल्या विजरईचा हुकूम ही मंडळी आज फुकटात बजावीत आहेत!

पण त्या हुकमाआधीच, १६१६ साली, साष्टीतल्या राचोल येथे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले होते. गृहस्थ जन्माने इंग्रज, पंथाने जेझुइट. पण ख्रिस्तकथा सांगायला त्यांनी भाषा घेतली मराठी आणि छंद घेतला ओवीचा. याच साष्टीत १५६७ साली पोर्तुगिजांनी देवळे पाडली, हे विसरा असे आम्ही म्हणत नाही. तो जाब सत्तेला विचारा. सत्तेचा अपराध वसईच्या एखाद्या कुपारी म्हातारीच्या पदरात कशाला घालता? तिची कादोडी बोली आणि शेजारच्या सामवेदी ब्राह्मणाची बोली एकच आहे!

१८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांचे दुःख वेशीवर टांगले ते बाबा पदमनजी ख्रिस्ती. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊनही अभंगाची वाट न सोडणारे रेव्हरंड टिळक ख्रिस्ती. नवरा बाटला म्हणून ऊर फुटेतो रडलेल्या लक्ष्मीबाई पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या. पण त्यांची मराठी नाशिकजवळच्या जलालपूरची ती जलालपूरचीच राहिली. ‘स्मृतिचित्रे’ मराठीतून वजा करून दाखवा पाहू! उरलेल्या मराठीला किती मोठे भगदाड पडते ते मग मोजू.

भाषेला सोयरसुतक नसते. जो तिच्यात रडतो, भांडतो, देवाला आळवतो, त्याची ती. मराठीला धोका आहे तो तिच्यात प्रार्थना करणाऱ्या पाद्र्याकडून नव्हे. तिच्या नावाने छाती पिटून घरी मात्र पोराबाळांशी इंग्रजीत बोलणाऱ्या आपल्याच सुखवस्तू मंडळींकडून आहे. यंदा फराळाच्या ताटाशी बसलात, की एवढे एकदा आपल्याच घरात तपासून पाहा.