नाकात दुर्बीण घालण्याआधी दहा मिनिटे मुलाला द्या

"सिस्टर, डोके घट्ट धरा." कान-नाक-घशाच्या ओपीडीत ड्युटी असताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले, त्याची मोजदाद नाही. प्रत्येक वेळी मी डोके घट्ट धरलेही. मावशी पाय धरायच्या, आईला बाहेर उभे केले जायचे. आतले रडणे ऐकत ती दाराशी पदराने डोळे पुसायची. बाहेर लांबलचक रांग असायची. यात काही चुकते आहे असे कोणालाच वाटत नव्हते. मलाही नाही.

त्यातला एक सहा वर्षांचा मुलगा अजून आठवतो. रात्री तोंड उघडे टाकून घोरणारा आणि 'वर्गात लक्ष नाही' म्हणून मागच्या बाकावर बसवलेला. तपासणीत तो इतका झटापटला की नाकातून रक्त आले आणि आतले नीट दिसलेच नाही. पुढच्या तारखेला आई एकटीच आली. म्हणाली, "दवाखान्याचं नाव काढलं तरी पलंगाखाली जाऊन बसतोय." त्यानंतर तीही आली नाही.

या तपासणीचे महत्त्व समजून घ्या. नाकाच्या मागे, टाळूच्या वर प्रत्येक लहान मुलाला ॲडेनॉइड नावाची ग्रंथी असते. ती फार वाढली की मूल तोंडाने श्वास घेते, घोरते. तिच्या शेजारूनच कानाकडे जाणारी नळी निघते. ती नळी तुंबली की पडद्यामागे चिकट पाणी साचते आणि ऐकू कमी येते. मूल हट्टी नसते, मठ्ठही नसते, त्याला बाईंचे बोलणेच पोचत नसते. भीतीपोटी तपासणी राहिली, तर पुढे त्याची शाळा मागे पडते. म्हणून मुलाची भीती कमी करणे हे लाड नव्हेत. तो उपचाराचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान मुलांसाठीची लवचिक दुर्बीण साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे पेन्सिलीच्या निम्म्याहून बारीक. मूल शांत असेल तर काम एक-दोन मिनिटांत होते. बऱ्याच ठिकाणी आधी नाक मोकळे करणारे आणि बधिर करणारे औषध फवारतात किंवा त्यात भिजवलेला कापूस ठेवतात. त्याचा असर व्हायला काही मिनिटे लागतात. घाईत फवारा मारला आणि लगेच दुर्बीण घातली, तर मुलाला कडू चवीचा त्रास तेवढा होतो, फायदा होत नाही. या औषधाने नेमका किती फरक पडतो याबद्दल डॉक्टरांतही एकमत नाही. म्हणजे सगळा भार औषधावर टाकून चालणार नाही.

मग काय करायचे? पहिले, खरे सांगायचे. "काही होणार नाही" असे म्हणू नका. "नाकात गुदगुल्या होतील, दाबल्यासारखं वाटेल, डोळ्यांतून पाणी येईल, औषध कडू लागेल, घसा जाड झाल्यासारखा वाटेल, पण श्वास चालू राहील आणि थोड्या वेळात सगळं पहिल्यासारखं होईल," असे सांगा. एकदा फसवलेले मूल दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही. घरी "डॉक्टर सुई मारतील" अशी धमकी देणेही बंद करा.

दुसरे, मुलाला आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर बसवायचे. त्याची पाठ आपल्या छातीला, एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून, दुसरा कपाळावर. डोके स्थिर राहते आणि मुलाला ती मिठी वाटते. चार अनोळखी हातांनी टेबलावर दाबून धरणे वेगळे आणि हे वेगळे.

तिसरे, त्याच्या हातात काहीतरी ठेवायचे. कोणती नाकपुडी आधी, हे त्याला विचारता येते. "दुखलं तर हात वर कर, आम्ही थांबू," असे सांगायचे आणि हात वर झाला की खरेच थांबायचे. मोबाईलवर आवडते गाणे लावा. काही मुलांना पडद्यावर स्वतःचे नाक आतून बघायला मजा वाटते.

घसा बधिर असेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका, ठसका लागतो. किती वेळ थांबायचे ते सिस्टरला विचारून घ्या.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. नाकात बटणासारखी गोल बॅटरी गेल्याची शंका असेल तर थांबायचे नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. ती काही तासांत आतली त्वचा जाळते.

माझे सहकारी म्हणतील, एवढा वेळ कोणाकडे आहे? प्रश्न खोटा नाही, कमी माणसांत ओपीडी रेटण्याचे कष्ट मी भोगले आहेत. पण झटापटीत तिघे-चौघे अडकतात आणि तपासणी अर्धवट राहिली की तेच मूल पुन्हा रांगेत येते. औषध फवारल्यावर तशीही काही मिनिटे थांबायचेच असते. तेवढ्यात दुसरा पेशंट पाहता येतो आणि सिस्टर या मुलाशी बोलू शकते. याला नवे यंत्र लागत नाही. वरिष्ठांनी तसा नियम घालून दिला की झाले.

आणि पालकांनो, आपण विचारायला कचरतो. मोठ्या डॉक्टरांपुढे तोंड उघडत नाही. विचारा: ही तपासणी कशासाठी? लहान मुलांची दुर्बीण आहे का? मी मांडीवर घेऊन बसू का? मूल फारच घाबरले तर दुसऱ्या दिवशी करता येईल का, की एक्स-रेवर भागेल? मुलाशी संबंधित बाबींत त्याचे म्हणणे ऐकले जावे, हे सांगणारा बालहक्क करार भारताने 1992 साली स्वीकारला आहे. तो तपासणीच्या खोलीतही लागू आहे.

पलंगाखाली बसलेल्या त्या मुलाशी मी तेव्हा दहा मिनिटे बोलले असते, तर कदाचित तो पुन्हा आला असता. ती दहा मिनिटे मी दिली नाहीत. आज ड्युटीवर असलेल्या सिस्टरांनी ती द्यावीत आणि पालकांनी ती मागून घ्यावीत.