डोळ्यावरची पाहुणी



बिबवेवाडीहून नववीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "बाई, स्नेहसंमेलनात आमचा नाच आहे. एकीकडे निळ्या कॉन्टॅक्ट लेन्स आहेत. आम्ही तिघी त्या आळीपाळीनं घालणार आहोत. मला चष्मा नाही, त्यामुळे नंबरचा प्रश्नच नाही. पण आई नको म्हणते. ती उगीच घाबरते का?"

नाही गं, आई उगीच घाबरत नाही. कारण सांगते. त्यासाठी आधी आपल्या डोळ्याची थोडी ओळख करून घेऊ.

आरशात पाहा. डोळ्याच्या मधोमध काळं-तपकिरी बुबुळ दिसतं. त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याचं नाव पारपटल. जाडी किती? मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर! गंमत म्हणजे त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आपल्याला सगळं लाल जाळीतून पाहावं लागलं असतं. मग या पडद्याला प्राणवायू कुठून मिळतो? बराचसा थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. म्हणजे आपला डोळा हवेतून श्वास घेतो म्हणा ना! लेन्स बसते ती नेमकी या पडद्यावर, अश्रूंच्या थरावर तरंगत. म्हणून तर ती पाहुणी. घरची नव्हे, हे कायम लक्षात ठेवायचं.

या पाहुणीचा इतिहासही मजेदार आहे बरं का. १८८८ मध्ये झुरिचमधल्या आडोल्फ फिक या डॉक्टरांनी काचेच्या लेन्सची माहिती प्रसिद्ध केली. आधी सशांवर, मग स्वतःवर प्रयोग! पण त्या जाड काचा जास्त वेळ सहन होत नसत. मऊ लेन्स आली ती चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञांमुळे. पाणी शोषून मऊ होणारं प्लॅस्टिक त्यांच्याकडे होतं, पण सरकारनं कामाला पाठिंबा देणं थांबवलं. विख्तर्ले थांबले नाहीत. १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर त्यांनी मुलांचा मेकॅनोसारखा खेळ आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र बनवलं. त्यावर पहिल्या चार मऊ लेन्स तयार झाल्या. मेकॅनोचे स्क्रू हरवू नका रे, कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही!

आता पत्रातल्या प्रश्नाकडे वळू. एकीच्या डोळ्यातले जंतू लेन्सबरोबर दुसरीच्या डोळ्यात जातात. लेन्स हलवताना पारपटलावर बारीक ओरखडा उठला, की जंतूंना दारच उघडं मिळतं. शिवाय प्रत्येकाच्या डोळ्याचा बाक वेगळा. एकीला नीट बसणारी लेन्स दुसरीला आवळते, मग डोळ्याचा श्वास कोंडतो. म्हणून नंबर नसला, नुसती शोभेची लेन्स असली, तरी डोळा तपासूनच घ्यायची आणि ती फक्त स्वतःच वापरायची.

मोठ्यांनाही हा त्रास चुकत नाही. जुलै २०२४ मध्ये अभिनेत्री जास्मिन भसीन दिल्लीला एका कार्यक्रमाला गेल्या होत्या. लेन्स घातल्यावर डोळे दुखू लागले. काळा चष्मा लावून त्यांनी कार्यक्रम पार पाडला. रात्री डॉक्टरांनी सांगितलं, पारपटलाला इजा झाली आहे. डोळ्यांवर पट्ट्या बांधाव्या लागल्या.

आपल्याकडे जुनी माणसं "डोळ्यात फूल पडलं" म्हणतात ना? पारपटलावर जंतूंमुळे जखम झाली, की ती भरल्यावरही पांढरा डाग राहू शकतो. तेच हे फूल. डाग मधोमध असेल तर नजर जाते, आणि कधीकधी नेत्रदानातून मिळालेलं पारपटल बसवावं लागतं. नळाच्या पाण्यात, मातीत अकँथअमीबा नावाचा एक सूक्ष्मजीव असतो. तो लेन्सबरोबर डोळ्यात शिरला तर फार दुखतं आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. नळाचं पाणी आपल्याला कितीही स्वच्छ दिसो, लेन्सला ते चालत नाही.

मग लेन्स वाईटच का? मुळीच नाही! हीच पाहुणी कधी वैद्यही होते. पारपटलावर जखम असेल तर पापणी उघडझाप करताना घासू नये म्हणून डॉक्टर तिच्यावर मऊ लेन्स ठेवतात. जणू पारदर्शक पट्टीच! ती रात्रीही ठेवतात. पण औषधाचे थेंब आणि डॉक्टरांची नजर सोबत असते. काही बाळांना जन्मतःच मोतीबिंदू असतो. शस्त्रक्रियेनंतर अशा चिमुकल्यांनाही लेन्स लावता येते. काहींचं पारपटल शंकूसारखं पुढे येतं, चष्म्यानंही नीट दिसत नाही. त्यांना कडक लेन्सनं अक्षरं स्पष्ट दिसू लागतात. (डोळे सारखे चोळल्यानं हा आजार वाढू शकतो. खडूची धूळ उडाली की डोळे चोळणाऱ्यांनो, ऐकताय ना?) डोळ्याची खाज कमी करणारं औषध हळूहळू सोडणाऱ्या लेन्सलाही अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

ज्यांना डॉक्टरांनी लेन्स दिली आहे, त्यांनी हे नियम वहीत लिहून घ्या :

१. लेन्सला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा आणि कोरडे करा.

२. लेन्स आणि डबी नळाच्या पाण्यानं धुवायची नाही. थुंकी तर अजिबात नको!

३. डबीतलं द्रावण रोज बदला. जुन्यात नवं मिसळू नका. डबीही साधारण तीन महिन्यांनी नवी घ्या.

४. झोपताना, पोहताना, आंघोळ करताना आणि रंगपंचमी खेळताना लेन्स काढून ठेवा.

५. मुदत संपली की लेन्स टाकून द्या. "अजून चांगली दिसतेय" म्हणायचं नाही.

६. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढा, घरी सांगा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लेन्स आणि डबी सोबत न्या. कपाटातले जुने थेंब मनानं घालू नका.

सहावा नियम सर्वांत महत्त्वाचा. रागावतील म्हणून लेन्स घातल्याचं लपवणारी मुलं असतात. ओरडा पाच मिनिटांत संपतो रे, डोळा जन्मभर लागतो.

तेव्हा मैत्रिणी, नाचात निळी ओढणी घे, निळ्या बांगड्या घे. डोळे मात्र तुझे स्वतःचेच असू देत. काळेभोर डोळे रंगमंचावर किती छान दिसतात!

या आठवड्याचा उद्योग : घरात किंवा शेजारी कोणी लेन्स वापरत असेल, तर त्यांना विचारा, "डबी शेवटची कधी बदललीत?" काय उत्तर मिळालं ते मला जरूर कळवा.

तुमची,
बाई