बैल गेला नि झोपा केला

पूर्व आफ्रिकेत दुष्काळ पडला की इथे ब्रिटनमध्ये आपल्या टीव्हीवर ठरलेली चित्रे दिसू लागतात. मेलेल्या गाईचा सांगाडा, धान्याच्या पोत्यांची थप्पी आणि खाली देणगीसाठी फोन नंबर. आपणही देतो. मंडळाच्या गणपतीत डबा फिरला तर कुणी हात आखडता घेत नाही. माझे भांडण देणाऱ्यांशी नाहीच. ते आहे मदतसंस्थांच्या उशिरा येण्याच्या सवयीशी आणि त्यांच्या पोत्यांच्या वेडाशी.

उत्तर केनियातले तुर्काना, रेंदिले, बोराना, सोमाळी हे पशुपालक. आपल्या धनगरांसारखे चराईमागे फिरणारे. उंट, गाय, शेळी हीच त्यांची शेती आणि तीच बँक. मुले वाढतात दुधावर, आणि मका येतो शेळी विकून. पाऊस हुकला की आधी जनावर खंगते, मग आटते. बाजारात त्याचा भाव कोसळतो आणि नेमका तेव्हाच मका महागतो. माणसाची उपासमार या साखळीत सर्वांत शेवटी येते, आणि मदतीचे ट्रक त्या शेवटच्या कडीपाशी येऊन उभे राहतात!

मी आयटीतला माणूस. आमच्याकडे सर्व्हर कोसळण्याआधी अलार्म वाजतो आणि तो वाजल्यावर कुणी काय करायचे हे आधीच लिहून ठेवलेले असते. रात्री दोन वाजता 'खरंच पडेल का हो?' यावर कुणी परिसंवाद भरवत नाही. पूर्व आफ्रिकेत अलार्म ऑगस्ट २०१० पासूनच वाजत होता. पैशांचा ओघ मात्र सुरू झाला तो जुलै २०११ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी सोमालियात दुर्भिक्ष अधिकृतपणे जाहीर केल्यावर. पुढे झालेल्या अभ्यासानुसार तिथे सुमारे २ लाख ५८ हजार माणसे गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक पाच वर्षांखालची मुले होती. सोमालियातल्या युद्धाचा त्यात मोठा वाटा होता, हे खरे. पण मधले अकरा महिने युद्धाने खाल्ले नाहीत, बैठकांनी खाल्ले.

'माणसे मरत असताना गुरांचे काय घेऊन बसलात?' असे कुणी विचारेल. मराठी माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. १९७२ चा विषय काढला की घरातली वडीलधारी मंडळी अजून त्या लाल मिलोची चव आठवून तोंड वाकडे करतात. अमेरिकेच्या अन्नमदतीतले बरेचसे धान्य अनेक दशके अमेरिकी शेतकऱ्यांकडूनच घ्यायचे आणि निदान निम्मे अमेरिकी जहाजांतूनच पाठवायचे असा नियम राहिला. तेव्हा पोत्यात कुणाचे हित शिवलेले असते ते ओळखा. उलट २०१३ आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात चारा छावण्या उघडल्या, तेव्हा शेतकरी बायकोपोरांसह जनावरांशेजारी जाऊन राहिला. छावण्यांत काहींनी हात धुऊन घेतले, तो भाग वेगळा. पण दावणीचे जनावर टिकले तर घर टिकते, एवढे आपल्या सरकारलाही कळले होते.

आणि हे आफ्रिकेतही जमते. २००६ च्या दुष्काळात दक्षिण इथिओपियातल्या मोयाले भागात एका मदतसंस्थेने दोन गुरांच्या व्यापाऱ्यांना प्रत्येकी २५ हजार डॉलर बिनव्याजी कर्ज दिले. व्यापाऱ्यांनी गुरे मरण्याआधीच सुमारे २० हजार विकत घेतली. हाती आलेल्या पैशातून लोकांनी स्वतःच धान्य घेतले, उरलेल्या गुरांना चारा घातला, काहींनी ती ट्रकमध्ये घालून दूर चराईला नेली. पन्नास हजार डॉलर, तेही उसने! एवढ्यात किती पोती आली असती आणि किती दिवस पुरली असती, हिशेब करा. त्याच देशाच्या सोमाळी भागात घराजवळ राखलेल्या मोजक्या दुभत्या जनावरांना चारा पुरवला, तर लहान मुलांचे दूध तुटले नाही आणि वजनही टिकले. मक्याच्या पोत्यातून दूध निघत नाही.

केनियाच्या मार्साबितमध्ये २०१० साली उपग्रहावरून गवताची हिरवाई मोजून भरपाई देणारा पशुविमा सुरू झाला. आधी त्याचीही रचना जनावर मेल्यावर पैसे देण्याची होती. पुढे ती बदलली आणि गवत वाळू लागताच पैसे द्यायचे ठरले, म्हणजे चारा घेता येईल. आपल्याच करातून २००९ पासून चाललेल्या तिथल्या रोख मदतीच्या योजनेनेही पुढे उपग्रहाचे आकडे पाहून मदत वाढवायला सुरुवात केली. हे मला पटते. नॉर्वेने तुर्काना सरोवरावर पशुपालकांना मासेमार करण्यासाठी मासळी गोठवण्याचा कारखाना बांधला होता, तो काही दिवसांतच बंद पडला. त्यापेक्षा हे शतपटीने शहाणपणाचे.

पण हे सारे अजून तोकडे आहे. २०२० ते २०२२ मध्ये सलग पाच पावसाळे हुकले आणि एकट्या केनियात पंचवीस लाखांवर जनावरे मेली. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये इथल्या सरकारने परदेशी मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. कात्री आधी कशावर चालेल? माझ्या मते चारा, लसीकरण आणि विमा यांवर, कारण धष्टपुष्ट शेळीचा फोटो पाहून कुणी फोन उचलत नाही.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझी सूचना. यंदाचा चेक लिहिण्याआधी त्या संस्थेला पत्र पाठवून विचारा, गेल्या दुष्काळात तुमचा पहिला पौंड कोणत्या महिन्यात खर्च झाला आणि तोवर किती गुरे मेली होती? पत्राचा मसुदा मी लिहून देतो.