वेदनेचे माप : संगणकापुढे की माणसापुढे?

रुग्णालयात फेरीवर आलेले डॉक्टर विचारतात, ''आता कसे वाटते?'' रुग्ण उत्तरतो, ''बरे आहे.'' रात्रभर वेदनेने डोळ्याला डोळा लागलेला नसतो, अन्नावरची वासना उडालेली असते, खर्चाच्या चिंतेने मन पोखरलेले असते. तरीही तोंडून हे दोनच शब्द बाहेर पडतात. डॉक्टरांना वाईट वाटू नये, शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा धीर खचू नये, अशी त्यामागील भावना असते. ती सुसंस्कृत खरी. परंतु उपचारांच्या दृष्टीने घातक असते.

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर संपूर्ण शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेत म्हटले आहे. रक्तदाब यंत्राने मोजता येतो. स्वास्थ्य मात्र ज्याचे त्यालाच विचारावे लागते. त्यासाठी वैद्यकशास्त्राने जीवनमानाच्या प्रश्नावल्या घडविल्या. या संघटनेच्या संक्षिप्त प्रश्नावलीत २६ प्रश्न असून, १९९० च्या दशकातील त्या प्रकल्पात दिल्ली व चेन्नई येथील केंद्रांचाही सहभाग होता. कर्करुग्णांसाठी युरोपात तयार झालेली ३० प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही उपलब्ध आहे. नव्या औषधाचा लाभ किती आणि त्रास किती, हे ठरविताना अशा उत्तरांचा आधार घेतला जातो. म्हणूनच प्रश्न माणसाने विचारावा की संगणकाने, हा मुद्दा केवळ सोयीचा उरत नाही.

विचारणारा समोर असला की उत्तर बदलते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३६ प्रश्नांची एकच प्रश्नावली काहींना टपालाने पाठविण्यात आली, तर काहींना दूरध्वनीवरून विचारण्यात आली. दूरध्वनीवर बोलणाऱ्यांनी आपले स्वास्थ्य अधिक चांगले असल्याचे सांगितले. केवळ आवाजापुढे माणूस असा सावरून बोलत असेल, तर प्रत्यक्ष चेहऱ्यापुढे तो किती सावरत असेल! संगणकाच्या पडद्याला भुवया नसतात. लघवीवरचा ताबा, वैवाहिक संबंध, मनातील निराशा यांविषयी त्याच्यापुढे संकोच कमी होतो. शिवाय तो कंटाळत नाही, प्रश्न गाळत नाही आणि प्रत्येकाला त्याच शब्दांत विचारतो.

तथापि भारतात या नाण्याची दुसरी बाजू डोळ्याआड करता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सुमारे ७३ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ६५ टक्के होते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून, नाना भाषा बोलणारे रुग्ण येतात. ज्याला अक्षर लागत नाही, ज्याची दृष्टी मंदावली आहे किंवा ज्याचा हात थरथरतो, त्याला पडदा मुकाच वाटणार. 'खिन्न' या शब्दापाशी अडखळलेली वृद्धा ''जीव कशात रमत नाही'' असे म्हणते, तेव्हा तिचे म्हणणे ओळखणारा माणूसच लागतो. अर्थात, समजावून सांगताना उत्तर सुचविले जाण्याचा धोका असतो. म्हणून मुलाखतकाराला प्रशिक्षण हवे, आणि प्रश्न विचारताना नातेवाइकांनी थोडे दूर थांबायला हवे.

बँकेच्या ग्राहकाला हा भेद अपरिचित नाही. खात्यातील शिल्लक चारचौघांत विचारण्याचा संकोच वाटणाऱ्याला एटीएम सोयीचे वाटते. पतीच्या निधनानंतर अर्ज भरायला आलेल्या वृद्धेला मात्र खिडकीपलीकडचा माणूसच हवा असतो. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचा मार्ग बंद करणे शहाणपणाचे नव्हे. रुग्णालयांनीही पद्धत रुग्ण पाहून ठरवावी. एकदा ठरविली की शक्यतो तीच कायम ठेवावी; अन्यथा पहिल्या महिन्यात मुलाखत आणि तिसऱ्या महिन्यात संगणक अशी सरमिसळ झाल्यास, दिसणारा फरक प्रकृतीचा की पद्धतीचा, हे कळणार नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो उत्तराचे पुढे काय होते हा. न्यूयॉर्कमधील एका कर्करोग रुग्णालयातील ७६६ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. केमोथेरपी घेत असताना आपली लक्षणे संगणकावर नोंदविणाऱ्या गटात जगण्याचा मध्यक कालावधी ३१.२ महिने, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात २६ महिने आढळला. तेथे त्रास वाढल्याची नोंद होताच परिचारिकेला सूचना जात असे आणि ती त्यावर पावले उचलत असे. यंत्राने नोंदविले, धावून गेले ते माणूसच.

रुग्णाला खरे सांगण्यासाठी आडोसा हवा असेल तर संगणक द्यावा, आधार हवा असेल तर माणूस द्यावा. मात्र सांगितलेले वाचणारे कोणी नसेल, तर सर्वोत्तम प्रश्नावलीही फाइलीतला आणखी एक कागद ठरते, आणि पुढच्या वेळी रुग्ण पुन्हा एवढेच म्हणतो, ''बरे आहे.''